गवत तेच, पोट वेगळं

घोडेस्वारी शिकायला येणाऱ्या मुलांत ज्यांच्या घरी गुरं आहेत त्यांची जनावराशी चटकन गट्टी जमते. ती दचकत नाहीत, लिदीला नाक मुरडत नाहीत. पण चारा घालायची वेळ आली की मला जास्त लक्ष त्यांच्यावरच ठेवावंसं वाटतं. शहरातलं मूल विचारून घालतं. गोठ्यात वाढलेलं मूल न विचारता घालतं, आणि गोठ्यातले नियम तबेल्यात लावतं. गाय गवत खाते, घोडाही गवतच खातो, मग वेगळं काय असणार?

वेगळं आहे ते पोट. गाईच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यातलं कोटीपोट मोठ्या गाईत शंभर लिटरच्याही वर माल सामावतं. गाय भराभर गिळते, मग निवांत बसून तेच घशात परत आणून रवंथ करते. कोटीपोटातले सूक्ष्मजीव गवतातला चिवट तंतू आंबवतात आणि नंतर पुढच्या आतड्यात ते स्वतःच पचून जातात. म्हणजे गाय गवतावर जंतू पोसते आणि जंतू खाते.

घोडा रवंथ करत नाही. त्याचं जठर एकच, आणि एवढ्या देहाच्या मानाने अगदी छोटं: पाचशे किलोच्या घोड्यात साधारण ८ ते १५ लिटर. तंतू आंबवण्याचा हौद त्यालाही आहे, पण तो लहान आतड्याच्या नंतर, अंधनाल आणि मोठ्या आतड्यात. गाईत आधी आंबवणं आणि मग पचवणं, घोड्यात आधी पचवणं आणि मग आंबवणं. त्यामुळे त्याने पोसलेले जंतू बहुतेक लिदीवाटे बाहेर पडतात, आणि त्याला लागणारी प्रथिनं थेट चाऱ्यातूनच मिळवावी लागतात. क्रमाच्या या उलटापालटीतूनच पुढचं जवळजवळ सगळं निघतं.

पहिली गोष्ट वेळेची. गाईला सकाळ-संध्याकाळ गव्हाण भरून दिली तरी मधला वेळ ती रवंथात घालवते. घोड्याच्या जठरात मात्र आम्ल चोवीस तास झिरपत असतं, आणि ते शमवणारी लाळ सुटते ती चावतानाच. मोकळ्या रानात घोडा दिवसाचे १४ ते १८ तास थोडं थोडं चरतो. त्याला सहा-आठ तास उपाशी बांधून ठेवलं की जठराला व्रण पडायला सुरुवात होते. म्हणून वैरण दिवसभरात विभागून द्यायची. रात्रीचा वाटाही विसरायचा नाही; रात्रच सगळ्यात लांब असते.

दुसरी गोष्ट चंदीची, म्हणजे घोड्याच्या दाण्याची, आणि इथे घोटाळे फार होतात. भिजवलेला हरभरा, जव, ओट, वर गुळाचा खडा: घोड्याला तोबरा चढवला की आपण त्याचे लाड केले असं वाटतं. दाण्यातलं पिष्ट लहान आतड्यात पचायला हवं, पण घोड्याच्या लहान आतड्यातून माल झपाट्याने पुढे सरकतो. एका वेळी फार दाणा पडला तर न पचलेलं पिष्ट मागच्या हौदात जाऊन पडतं. तिथे आम्ल वाढतं, तंतू आंबवणारे जंतू मरतात, विषारी द्रव्यं रक्तात उतरतात. मग पोटशूळ, किंवा खुराच्या आतला दाह, ज्याला लॅमिनायटिस म्हणतात. पोटात गेलेल्या दाण्याने घोडा पायाने लंगडा होतो, हे मुलांना आधी खरं वाटत नाही. मोठ्या घोड्यालाही एका खेपेला दोन किलोच्या वर दाणा नको. आठवड्यातून दोनदा तासभर दुडकी मारणाऱ्या घोड्याला बऱ्याचदा चंदीची गरजच नसते, हे माझं मत तबेल्यात फारसं कुणाला रुचत नाही.

दाणा अति झाल्याचा त्रास गाईलाही होतोच. पण ती ढेकर देऊन वायू बाहेर टाकते. घोड्याला ढेकर जवळजवळ येत नाही आणि उलटी करता येत नाही. पोटाकडे वळून बघणं, पाय आपटणं, पुन्हा पुन्हा लोळणं, लीद बंद होणं दिसलं की चारा काढून घ्या आणि पशुवैद्याला बोलवा. फुगलेल्या गाईला गोडेतेल पाजतात तसं घोड्याच्या तोंडात ओतू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. पशुवैद्य नाकातून नळी घालतो ती त्यासाठीच.

आता पोत्याकडे. गाईचं पशुखाद्य घोड्याला कधीही चालवून घेऊ नये. काही खाद्यांत युरिया असतो. गाईचे जंतू त्यापासून प्रथिनं बनवतात, घोड्याला त्याचा फारसा उपयोग नाही. त्याहून वाईट म्हणजे गुरांच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध घातलेलं असतं. गाईला सोसणारी मात्रा घोड्याच्या हृदयाचे स्नायू निकामी करून त्याचा जीव घेऊ शकते.

नेपियर गवताचं तर गावात कुणाला नवलही वाटत नाही, इतकं ते दूधवाल्यांच्या बांधाबांधावर उभं असतं. त्यात ऑक्सलेट भरपूर, आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं. गाईच्या कोटीपोटातले जंतू सवयीने ऑक्सलेट मोडून काढतात. घोड्याचे जंतू मागे बसलेले, आणि कॅल्शियम शोषलं जातं त्यांच्या आधीच, लहान आतड्यात. नुसत्या नेपियरवर महिनोन्महिने ठेवलेला घोडा मग स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढतो, आणि जबड्याची हाडं सुजून डोकं मोठं दिसू लागतं. वर गव्हाचा कोंडा रोज घातला तर आणखी बिघडतं, कारण कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो. लसूणघासात कॅल्शियम चांगलं असतं, तो थोडा मिसळावा. पण त्यावरच पोट भरू नये.

बुरशी आलेला मका किंवा कुबट मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) यांच्या बाबतीत तर बोलायलाच नको. मुळात तो गाईलाही घालू नये, पण घोड्यात मक्यावरची एक बुरशी थेट मेंदू नासवते.

किती घालायचं? वजनाच्या दीड ते दोन टक्के सुकी वैरण. चारशे किलोच्या घोड्याला सहा ते आठ किलो. हिरव्या गवतात बहुतांश पाणीच असतं, तेव्हा तेवढंच पोषण हिरव्यातून हवं असेल तर तीसेक किलो लागेल. पाणी कायम समोर. मीठही हवं, कारण घोड्याला घाम येतो तसा गाईला येत नाही. चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू. आणि डब्याने मोजू नका, तराजू वापरा: एका डब्यात मावणारा हरभरा त्याच डब्यातल्या ओटपेक्षा बराच जड भरतो.