पूर आधी, गोष्ट नंतर

फोंड्यातल्या आमच्या वाचनकट्ट्यावर या महिन्यात जॉर्ज एलियटची 'द मिल ऑन द फ्लॉस' घेतली आहे. वाचून झालेले बहुतेक जण एकच तक्रार करतात, की शेवटचा पूर उपरा वाटतो. टॉम आणि मॅगी ही भावंडं दुरावलेली, भावाने बहिणीला घराचं दार बंद केलेलं. आणि मग चार पानांत नदी चढते आणि दोघांना मिठीतच घेऊन जाते. तक्रार जुनी आहे, १८६० साली कादंबरी छापून आली तेव्हापासूनची. मला ती पटत नाही.

जॉर्ज एलियट म्हणजे मेरी अ‍ॅन एव्हान्स, जन्म १८१९, इंग्लंडमधल्या वॉरिकशर परगण्यातला. वडील एका जमीनदाराच्या इस्टेटीचे कारभारी. भाऊ आयझॅक तीन वर्षांनी मोठा, आणि ही त्याच्या मागे मागे. पुढे त्याला तट्टू मिळालं आणि धाकट्या बहिणीशी खेळणं मागे पडलं. तो वडिलांच्या जागी कारभारी झाला. ती वाचत, लिहीत लंडनला पोचली.

१८५४ साली ती जॉर्ज हेन्री ल्युइस या लेखकाबरोबर राहू लागली. ल्युइसचं लग्न झालेलं होतं. बायकोला दुसऱ्या पुरुषापासून झालेलं मूल त्याने आपल्या नावावर लावून घेतलं होतं, त्यामुळे घटस्फोटाची वाट कायद्याने बंद. मेरी अ‍ॅनने घरी हे तीन वर्षं कळू दिलं नाही. वडिलांनी ठेवलेल्या पैशाचं उत्पन्न तिला आयझॅकच्या हातून येई. मे १८५७ मध्ये तिने त्याला कळवलं, की मला आता नवरा आहे, पैसे त्याच्या खात्यावर पाठव. भावाने स्वतः उत्तर दिलं नाही. वकिलाकरवी विचारलं: लग्न कधी झालं, कुठे झालं? तिने खरं ते सांगितलं. त्यावर आयझॅकने नातं तोडलं आणि बहिणींनाही तोडायला लावलं. सख्खी बहीण क्रिसी हिने मरणाच्या थोडं आधी पश्चात्तापाचं पत्र धाडलं. आयझॅक मात्र तेवीस वर्षं गप्प.

भाऊबीजेच्या दिवशी मांडवीतल्या दिवाडी बेटाच्या फेरीधक्क्यावर उभं राहिलं की हातात मिठाईचा पुडा, बगलेत साडीचं पाकीट घेतलेले भाऊ एकामागून एक उतरताना दिसतात. ज्या बहिणीकडे कोणी येत नाही ती संध्याकाळी तबक घेऊन अंगणात येते आणि चंद्राला ओवाळते. ही कादंबरी मला त्या तबकासारखी वाटते.

आता पुराकडे. जानेवारी १८५९ मध्ये, कादंबरी जेमतेम मनात धरत होती तेव्हाच, एलियट आणि ल्युइस जुने वार्षिक वृत्तसंग्रह उघडून पुरांच्या हकिकती शोधत होते. त्याच वर्षी पुढे गेन्सबरोला जाऊन तिने भरतीचं पाणी चढणारी ट्रेंट नदी डोळ्यांनी पाहिली. म्हणजे शेवट आधी ठरला होता, बाकीचं सगळं त्या पाण्याच्या दिशेने लिहिलं गेलं. बालपणात आपण फार रेंगाळलो आणि शेवटचा भाग आखूड पडला, हे तिने स्वतःच कबूल केलं आहे. पण ते रेंगाळणंच मला पुस्तकाचा जीव वाटतं.

एक प्रसंग बघा. जॅम भरलेल्या पफचे टॉम सुरीने दोन तुकडे करतो. मॅगीने डोळे मिटून निवडायचं. तिच्या वाट्याला जास्त जॅमचा तुकडा येतो. ती तो त्यालाच देऊ करते. तो घेत नाही, नियम म्हणजे नियम. मग ती खाऊन टाकते, आणि तो तिला अधाशी म्हणतो. आयझॅकने वकिलाकरवी केलेला न्याय याच जातीचा आहे. टॉम दुष्ट नाही, बहिणीवर त्याची माया आहे. पण ती मायाही नियमात बसल्यावरच मिळते.

पूर उपरा का नाही, हे खाजनातल्या, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतातल्या, माणसाला जास्त सांगावं लागू नये. बांध फुटतो एका रात्रीत, पण कुर्ल्यांनी त्यात बिळं वर्षभर पाडलेली असतात.

१८६९ मध्ये तिने भाऊ-बहिणीवर अकरा सुनीतं लिहिली. शेवटी म्हणते, पुन्हा बालपण मिळालं तर मी धाकटी बहीण म्हणूनच जन्मेन. तेव्हा आयझॅकच्या अबोल्याला बारा वर्षं झाली होती.

ल्युइस १८७८ मध्ये वारला. मे १८८० मध्ये तिने जॉन क्रॉसशी रीतसर लग्न केलं आणि त्याच महिन्यात आयझॅकचं अभिनंदनाचं पत्र आलं. तिने लगेच उत्तर दिलं: आपण लहान होतो तेव्हापासूनची माया इतक्या अबोल्यानेही तुटलेली नाही. त्याच वर्षी २२ डिसेंबरला ती गेली. हायगेटच्या दफनभूमीत ल्युइसच्या कबरीलगत तिला पुरलं, तेव्हा आलेल्या माणसांत चौसष्ट वर्षांचा आयझॅकही होता.