मोरचूद ते मोनेपँटेल : मेंढीच्या जंतनाशकांची पार्श्वभूमी

पाऊस लागून महिना-दीड महिना झाला की कळपातलं एखादं मेंढरू मागे रेंगाळायला लागतं. जबड्याखाली पाणी उतरलेलं असतं, आणि पापणी उलटून पाहिली तर आतला गुलाबी रंग गेलेला. बहुतेक वेळा हे काम 'हिमॉन्कस' या जंताचं. तो मेंढीच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहतो आणि रक्त पितो. मादी जेमतेम इंचभर. रक्ताने भरलेल्या लाल आतड्याभोवती पांढरं अंडाशय गुंडाळलेलं असतं, त्यामुळे ती पीळ दिलेल्या दुरंगी दोऱ्यासारखी दिसते. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिली रक्त घेतो. हजार जंत असले तर रोजचं 50 मिली गेलं. आणि एकेक मादी रोज पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंडीवाटे बाहेर पडतात, त्यातून निघालेल्या अळ्या गवतावर चढतात आणि चरणाऱ्या मेंढीच्या पोटात परत जातात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावर उपाय म्हणजे मोरचूद आणि तंबाखूतलं निकोटीन. जंत मरायचे, पण मात्रा थोडी चुकली की मेंढीही जायची. 1938 मध्ये फिनोथायाझिनचा गुण कळला आणि पहिल्यांदा बऱ्यापैकी भरवशाचं औषध हाती आलं. मात्र एका मोठ्या मेंढीला 20-25 ग्रॅम भुकटी पाजावी लागे, आणि मेंढीची लघवी लाल होऊन लोकर डागाळायची. तरी ते वीसेक वर्षं चाललं. 1957 मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात त्याला न जुमानणारे जंत सापडले.

तिथून पुढे एक ठरावीक खेळ सुरू झाला. 1961 मध्ये थायबेंडाझोल आलं, तीन वर्षांत त्यालाही प्रतिकाराची नोंद झाली. आपल्याकडेही फार उशीर लागला नाही : फिनोथायाझिन आणि थायबेंडाझोल या दोन्हींना हिमॉन्कस दाद देत नसल्याची नोंद भारतात 1976 मध्ये प्रसिद्ध झाली. मधल्या काळात टेट्रामिसोल आणि त्यातूनच निघालेलं लेव्हामिसोल आलं, त्यांचंही तेच झालं. जपानमधल्या मातीत सातोशी ओमुरा यांना सापडलेल्या जिवाणूपासून आयव्हरमेक्टिन तयार झालं. 1981 मध्ये ते बाजारात आलं आणि त्यासाठी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना 2015 चं नोबेल मिळालं. 30 किलोच्या मेंढीला त्याचे 6 मिलीग्रॅम पुरतात. कुठे ती 25 ग्रॅम भुकटी! पण दक्षिण आफ्रिकेत दशक संपायच्या आत तेही हरलं. 2009 मध्ये न्यूझीलंडमध्ये आलेल्या मोनेपँटेलला तिथल्याच जंतांचा प्रतिकार 2013 मध्ये नोंदला गेला.

दोष औषधाचा कमी आणि पाजण्याच्या पद्धतीचा जास्त, असं माझं मत. सगळ्या कळपाला एकदम पाजायचं आणि लगेच स्वच्छ कुरणात हलवायचं, हा सल्ला कित्येक वर्षं शहाणपणाचा मानला गेला. वरवर पाहता तो बिनचूक वाटतो. पण औषधातून वाचतात ते फक्त चिवट जंत, आणि नव्या कुरणात अंडी पडतात ती फक्त त्यांचीच. त्यात वजन नजरेने जोखायचं, औषध पुरवून पुरवून वापरायचं. मग मात्रा कमी पडते आणि जंताला जणू तालीमच मिळते. कळपातल्या शेळ्यांना मेंढीच्याच मापाने पाजलं तर आणखी बिघडतं, कारण शेळीचं शरीर यातली बरीच औषधं लवकर बाहेर टाकतं.

म्हणून खरी सुधारणा आली ती काही मेंढ्यांना औषध न देण्यातून. दक्षिण आफ्रिकेत फाफा मालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पापणीच्या आतल्या रंगाचा पाच पायऱ्यांचा तक्ता बनवला, त्याचं नाव 'फामाचा'. लाल असेल तर सोडून द्यायची, पांढुरकी झाली असेल तिलाच पाजायचं. सोडलेल्या मेंढ्यांतले औषधाला बळी पडणारे जंत कुरणात अंडी टाकत राहतात आणि चिवट जंतांची संख्या वरचढ होत नाही. मुद्दाम जंत राखायचे, हे ऐकायला विचित्र वाटतं. मेंढपाळाला पटवणं तर त्याहून अवघड.

दुसरी वाट पैदाशीची. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनाकडची बुटकी गॅरोल मेंढी आणली ती जुळ्या कोकरांसाठी. दख्खनी आणि बन्नूर मेंढ्यांशी तिचा संकर केल्यावर लेंडी तपासली, तेव्हा संकरित कोकरांत जंतांची अंडी कमी आढळली.

तिसरी वाट लशीची. हिमॉन्कसविरुद्धची लस 2014 मध्ये ऑस्ट्रेलियात आली. मेंढीच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे जंताविरुद्ध लढणारे घटक तयार होतात, जंत ती रक्तासोबत पितो आणि त्याच्याच आतड्यावर मार बसतो. संरक्षण मात्र फार दिवस टिकत नाही. सुरुवातीचे डोस झाले तरी हंगामभर दर सहा आठवड्यांनी सुई टोचावी लागते. शिवाय लशीतली प्रथिनं काढायची ती जंतांच्याच आतड्यातून. त्यामुळे लस बनवायची तर काही मेंढ्यांच्या पोटात आधी हिमॉन्कस वाढवावा लागतो.