‘लक्ष कुठंय तुझं?’

मैदानावर हा प्रश्न ओरडून विचारला जातो आणि उत्तराची वाट कुणी पाहत नाही. एडीएचडी, म्हणजे लक्ष आणि हालचाल आवरणं अवघड जाण्याची मेंदूची जडणघडण, असलेल्या मुलाला लक्ष असतं. ते कुठे लावायचं आणि कधी काढून घ्यायचं, यावरचा त्याचा ताबा कच्चा असतो, कारण मेंदूच्या पुढच्या भागातली डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन या रसायनांवर चालणारी यंत्रणा वेगळी वागते. २००७ साली अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा मुलांच्या मेंदूचं बाह्यावरण सरासरी तीन वर्षं उशिरा पक्व होताना दिसलं. तेरा वर्षांच्या मुलाकडून तेराचीच शिस्त मागताना सरांनी एवढं ध्यानात ठेवावं.

अमेरिकी जलतरणपटू मायकेल फेल्प्सला नवव्या वर्षी एडीएचडीचं निदान झालं. वर्गात स्वस्थ न बसणारा हा मुलगा पोहण्याच्या स्पर्धेत आपल्या काही मिनिटांच्या शर्यतीसाठी तासन्‌तास थांबायचा. त्याची आई शिक्षिका. गणितात मन रमेना, तेव्हा सेकंदाला तीन मीटर वेगाने पाचशे मीटर पोहायला किती वेळ लागेल, अशी गणितं त्याला घालायला तिने शिकवणी घेणाऱ्याला सुचवलं. हरल्यावर तो गॉगल भिरकावायचा. तेव्हा तिने प्रेक्षकांतून हाताने एक ठरलेली खूण करायची, म्हणजे ‘सावर स्वतःला’. चारचौघांत बोलणी नाहीत.

अकराव्या वर्षी तो प्रशिक्षक बॉब बोमन यांच्याकडे आला. रोज झोपताना आणि उठल्यावर शर्यत मनातल्या मनात पोहून पाहायची, चुकलेलीसुद्धा, असा नेम त्यांनी त्याला घालून दिला. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकला २०० मीटर बटरफ्लायमध्ये गॉगलमध्ये पाणी शिरलं, तर फेल्प्स हातांचे फटके मोजत पोहला आणि विश्वविक्रमासह जिंकला. एडीएचडीमुळेच त्याला ऑलिंपिकची २३ सुवर्णपदकं मिळाली, असं सांगणारे मेसेज फिरतात. त्याला आधार नाही. ठरलेला दिनक्रम आणि ताबडतोब मिळणारी दाद यांचा वाटा मात्र दिसतो.

आपल्या शाळांच्या सरावात मुलाचा बराच वेळ रांगेत जातो. वीस जण, एक चेंडू! एडीएचडीच्या मुलासाठी याहून वाईट मांडणी नाही. चार-चारचे गट करा. सूचना एका वेळी एकच द्या, करून दाखवा आणि त्याच्याकडून वदवून घ्या. पाच पायऱ्यांचं ड्रिल एका दमात सांगितलं, तर तिसरीपर्यंत पहिली निसटलेली असते. चांगलं झालं की तिथल्या तिथे सांगा, रविवारच्या मीटिंगपर्यंत राखून ठेवू नका. शिक्षा म्हणून त्याला बाकावर बसवणं तर उलटंच: हालचालीने ज्याचं चित्त थाऱ्यावर येतं, त्याचीच हालचाल बंद.

औषधांबद्दल सर आणि पालक दोघंही बोलायचं टाळतात. मिथाइलफेनिडेट हे नेहमीचं औषध स्पर्धेच्या काळात वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) बंदी यादीत आहे, अ‍ॅटोमॉक्सेटिन नाही. वैद्यकीय कागदपत्रं देऊन उपचारासाठी सूट मिळते. २०१६ साली हॅकरांनी अमेरिकी जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सच्या वैद्यकीय नोंदी फोडल्या, तेव्हा तिने लहानपणापासून एडीएचडी असल्याचं आणि औषध घेत असल्याचं उघड सांगितलं. तिच्याकडे रीतसर सूट होती. भारतात नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था) चाचणीच्या कक्षेत येणाऱ्या खेळाडूच्या घरच्यांनी डॉक्टरांशी हे आधीच बोलावं. औषध मनाने बंद करू नये.

उत्तेजक औषधांनी भूक मरते, थकवा लवकर जाणवत नाही आणि अंगातली उष्णता वाढू शकते. मे महिन्याच्या शिबिरात अशा मुलाला तहान लागली का, हे विचारत बसू नका. ठरावीक वेळाने पाणी प्यायला लावा. आणि संध्याकाळच्या सरावाआधी दुपारचा डबा खाल्ला का, ते नक्की विचारा.