आयपीएचे वय

गेल्या एप्रिलमध्ये पुण्यात मी घरच्या घरी एक साधा प्रयोग केला. एकाच खोक्यातले धूसर आयपीएचे, म्हणजे हॉप्सचा दरवळ असलेल्या, दिसायला धुकट अशा बिअरचे दोन डबे घेतले. एक फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवला आणि दुसरा स्वयंपाकघरातल्या ओट्याखालच्या कपाटात, जिथे दुपारी पारा ३४ अंशांपर्यंत चढत होता. पाच आठवड्यांनी दोन्ही सारखेच गार करून दोन सारख्या पेल्यांत ओतले. फ्रीजमधली बिअर हळदीच्या दुधासारखी पिवळसर होती आणि पेला नाकाशी नेण्याआधीच पिकलेल्या पेरूचा आणि संत्र्याच्या सालीचा वास आला. कपाटातल्या बिअरचा पिवळेपणा मात्र पार उतरला होता. तिचा रंग करडा-तपकिरी, पावसाळी नाल्याच्या पाण्यासारखा गढूळ झाला होता, वास मधाचा आणि त्यामागे भिजलेल्या पुठ्ठ्याचा येत होता, आणि चवीत आधी गोडसरपणा, मग घशाशी रेंगाळणारा कडवटपणा होता. ती नासलेली नव्हती. आंबट झाली नव्हती, डबा फुगला नव्हता आणि छापलेली मुदत संपायला अजून काही महिने होते. ती फक्त शिळी झाली होती.

हा फरक समजण्यासाठी हॉप्सपासून सुरुवात करावी लागते. हॉप्स म्हणजे ह्युम्युलस ल्युप्युलस या वेलीच्या मादी फुलांचे हिरवे, खवल्याखवल्यांचे तुरे. तुरा बोटांनी उकलला तर आत पिवळी, चिकट पूड दिसते. या पुडीत, म्हणजे ल्युप्युलिनमध्ये, दोन अगदी वेगळ्या स्वभावाची द्रव्ये असतात. पहिली अल्फा आम्ले. ती माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, काढ्यात उकळली की त्यांच्या रेणूंची रचना बदलून आयसो-अल्फा आम्ले तयार होतात आणि बिअरला कडवटपणा येतो. दुसरी सुगंधी तेले. त्यांतले मायर्सीन रेझिनसारखे हिरवट वास देते, जेरॅनिऑल गुलाबाची आठवण करून देते, आणि लिनालूल तर आपल्या धण्यांच्या वासाचा मुख्य घटक आहे. याखेरीज गंधकयुक्त थायॉल असतात; पेरू आणि पॅशनफ्रूटच्या वासाला हातभार लावणारे हे रेणू लिटरमागे काही नॅनोग्रॅम असले तरी नाकाला जाणवतात.

तेले उडून जाणारी असल्यामुळे उकळताना त्यांतली बहुतेक वाफेबरोबर निघून जातात. म्हणून दरवळ हवा असेल तर ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारे, आंबवण्याची क्रिया चालू असताना किंवा ती संपत आल्यावर, न उकळता, टाकीत पुन्हा हॉप्स घालतात. याला ड्राय हॉपिंग म्हणतात, आणि धूसर आयपीएत हे प्रमाण लिटरमागे दहा ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त असू शकते. ताज्या दळलेल्या मसाल्याचा डबा उघडल्यावर जो घमघमाट येतो, तो दोन महिन्यांनी का येत नाही हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. येथे प्रश्न त्याच जातीचा आहे, फक्त मसाला द्रवात विरघळलेला आहे.

येथे एक जुना गैरसमज आडवा येतो, आणि त्याचा आपल्या मुंबईशी थेट संबंध आहे. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. लंडनच्या पूर्व भागातील जॉर्ज हॉजसन यांच्या बो ब्रुअरीची बिअर अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला येत असे. आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून येणारा हा प्रवास अनेक महिन्यांचा होता आणि भरपूर हॉप्स घातलेली बिअर त्यात टिकत असे. यावरून अनेक जण असे समजतात की हॉप्समुळे बिअर टिकते, तेव्हा हॉप्स जितके जास्त तितकी ती जास्त दिवस ठेवता येईल. यातला पहिला भाग खरा आहे, पण तो जंतूंपुरता. आयसो-अल्फा आम्ले लॅक्टोबॅसिलससारख्या, बिअर आंबवून टाकणाऱ्या जिवाणूंना रोखतात. ऑक्सिजनला ती रोखू शकत नाहीत. शिवाय त्या काळच्या पिपांतली बिअर मुरवण्यासाठीच बनवलेली होती. तिच्याकडून आजच्यासारख्या ताज्या फळांच्या दरवळाची अपेक्षाच नव्हती. नाव तेच राहिले, पदार्थ बदलला.

अमेरिकेतल्या ब्रुअरांनी हे फार लवकर ओळखले. कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथील रशियन रिव्हर ब्रुअरी आपल्या ‘प्लिनी द एल्डर’ या बिअरच्या लेबलावरच ग्राहकाला बजावते की ही साठवून मुरवण्याची वस्तू नव्हे. स्टोन ब्रुअरीने २०१२मध्ये ‘एन्जॉय बाय’ नावाची आयपीए आणली आणि ती कोणत्या तारखेपर्यंत प्यावी ती तारीखच बिअरचे नाव म्हणून मोठ्या अक्षरांत छापली. पॅकिंगपासून ती तारीख जेमतेम पाच आठवडे दूर असे. मला हा प्रामाणिकपणा मोलाचा वाटतो, कारण त्याने ग्राहकाला नेमके काय पाहायचे ते शिकवले.

आता डब्याच्या आत काय घडते ते पाहू. डबा भरताना कितीही काळजी घेतली तरी थोडा ऑक्सिजन आत राहतोच. चांगल्या ब्रुअऱ्या तो अब्जात पन्नास भागांच्या खाली ठेवण्यासाठी झटतात. एकटा ऑक्सिजन तसा संथ असतो. पण बिअरमध्ये लोह, तांबे आणि मँगनीज यांचे अंश असतात, आणि त्यांच्या संगतीत त्याच्यापासून अतिशय आक्रमक मूलके, म्हणजे कशाशीही चटकन अभिक्रिया करणारे अस्थिर कण, तयार होतात. ती समोर येईल त्यावर तुटून पडतात. सुगंधी रेणूंचे रूप बदलते, आयसो-अल्फा आम्ले तुटतात, पॉलिफेनॉल ही वनस्पतींतली तुरट द्रव्ये एकमेकांना चिकटून रंग गडद होतो. कापलेले वांगे काळे पडते त्यामागेही पॉलिफेनॉलच असतात. तिथे काम विकर (एन्झाइम) करते, इथे ती पाळी या मूलकांवर येते. धूसर आयपीएत ओट्स आणि गव्हामुळे प्रथिने भरपूर, आणि हॉप्समुळे पॉलिफेनॉल व मँगनीजही भरपूर, म्हणून तिची घसरण सर्वांत वेगाने होते. ज्या घटकांमुळे ती ताजेपणी इतकी मोहक असते, तेच तिला लवकर म्हातारी करतात.

दरवळ सर्वांत आधी जातो. बाटली असेल तर बुचाच्या आतले प्लॅस्टिकचे अस्तरही मायर्सीन शोषून घेते. दरवळाचा पडदा सरला की इतके दिवस मागे दडलेला माल्टचा गोडवा पुढे येतो, आणि त्याच वेळी जुनेपणाचे अल्डिहाइड वाढत जातात. पुठ्ठ्याचा वास देणारे ट्रान्स-२-नोनेनाल लिटरमागे एका मायक्रोग्रॅमच्या दहाव्या भागाइतके झाले तरी ओळखू येते.

या सगळ्या क्रियांचा वेग उष्णतेवर ठरतो, आणि माझ्या मते हाच सगळ्यात कमी समजून घेतलेला भाग आहे. बिअरच्या व्यवसायात ३-३०-३०० असा एक आडाखा आहे: ३२ अंशांत तीन दिवस, २२ अंशांत तीस दिवस आणि ३ अंशांत तीनशे दिवस ठेवलेली बिअर जवळपास सारखीच शिळी होते. हा आडाखा जरा ताणलेला आहे. रसायनशास्त्राचा नेहमीचा ठोकताळा सांगतो की दर १० अंशांना वेग दुप्पट ते तिप्पट होतो. तो धरला तरी ४ अंशांच्या फ्रीजपासून ३४ अंशांच्या कपाटापर्यंत तीन टप्पे होतात, म्हणजे वेग ८ ते २७ पट वाढतो. कपाटातला एक दिवस हा फ्रीजमधल्या एका आठवड्यापासून जवळजवळ चार आठवड्यांइतका भरतो. यातून दुसरा एक समजही दूर होतो. गार केलेली बिअर एकदा गरम होऊन पुन्हा गार झाली म्हणजे ती बिघडलीच, असे नाही. ती गरम असताना किती वेळ गेला एवढाच हिशेब असतो.

उजेडाची गोष्ट वेगळी आणि थोडक्यात सांगण्यासारखी आहे. पारदर्शक किंवा हिरव्या काचेतून आलेला प्रकाश बिअरमधल्या रायबोफ्लेव्हिनच्या (ब-२ जीवनसत्त्वाच्या) मदतीने आयसो-अल्फा आम्ले तोडतो आणि एक उग्र वासाचा थायॉल तयार होतो. गोव्याच्या किनाऱ्यावर उन्हात ठेवलेल्या पेल्यातही हे काही मिनिटांत घडते. डब्यात ही भीती नाही, तपकिरी बाटलीत ती बरीच कमी असते.

मग घ्यावी कधी? अगदी काल भरलेली बिअर उत्तमच असेल असे नाही. धूसर आयपीएत हॉप्सचे सूक्ष्म कण तरंगत असतील तर अळूने खाजवावा तसा घसा खवखवतो; ते खाली बसायला एक-दोन आठवडे लागतात. त्यानंतर थंड ठेवलेल्या धूसर आयपीएचे सहा ते आठ आठवडे बहराचे. स्वच्छ, कडवट वेस्ट कोस्ट आयपीए थंडीत तीन महिनेही छान राहते. गडद इम्पीरियल स्टाउट किंवा बार्लीवाइन या मुरणाऱ्या बिअर आहेत, त्यांना हा नियम लागू नाही. अमेरिकेतून येणाऱ्या भावाने किंवा मावशीने मोठ्या कौतुकाने आणलेले आयपीएचे डबे मात्र दिवाळीसाठी जपून ठेवू नयेत. आले त्याच आठवड्यात उघडावेत.

दुकानात मुदत संपण्याची तारीख पाहण्यापेक्षा पॅकिंगची तारीख पाहावी. ती पुष्कळदा डब्याच्या तळाशी असते. पुण्यात २००९मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागीच बिअर बनवून देणारे ठिकाण, सुरू झाल्यापासून अशा ठिकाणी जाऊन पिणाऱ्यांना हा त्रास उरलेला नाही, कारण तिथे टाकी आणि पेला एकाच छताखाली असतात. वाइन शॉपमध्ये मात्र तारखेइतकाच दुसरा प्रश्न विचारायला हवा: हा माल आल्यापासून फ्रीजमध्येच होता, की आज सकाळी रॅकवरून फ्रीजमध्ये गेला? कारण मे महिन्यात समोर दोन डबे असतील, एक सहा आठवड्यांपूर्वी भरलेला पण सतत थंड राहिलेला आणि दुसरा दोनच आठवड्यांपूर्वी भरलेला पण ३४ अंशांत रॅकवर उभा असलेला, तर वरच्या हिशेबाने दुसऱ्याचे वय फ्रीजच्या मापात कमीत कमी सोळा आठवडे भरते, आणि पहिला अजूनही सहाच आठवड्यांचा असतो.