काळा बेडूक आणि काळा पतंग: ही तुलना आली कुठून

चेर्नोबिलच्या (१९८६ ला अणुभट्टी फुटली ते युक्रेनमधलं ठिकाण) काळ्या झाडबेडकांचा विषय निघाला की कोणीतरी इंग्लंडमधल्या मँचेस्टरचा काळा पतंग (फुलपाखरासारखा कीटक) काढतोच. पतंगाची गोष्ट शाळेतच सगळ्यांनी वाचलीय, त्यामुळे धूर-काजळी लांबवत नाही, एवढंच की काजळीने काळ्या पडलेल्या झाडांवर काळे पतंग पक्ष्यांना सहज दिसत नव्हते म्हणून वाचले, १८४८ ला मँचेस्टरमध्ये पहिला काळा सापडला आणि १८९५ पर्यंत तिथे ९८ टक्के काळेच होते.

भांडण पेटलं ते १९५० च्या दशकातल्या प्रयोगावरून. खुणा केलेले पतंग दिवसा खोडांवर सोडले आणि पक्षी कुठले टिपतात ते पाहिलं. नंतर आक्षेप आला की हे पतंग एरवी जास्त करून वर फांद्यांच्या खालच्या बाजूला बसतात, शिवाय पुस्तकातले फोटो मेलेले पतंग खोडाला चिकटवून काढलेले, आणि १९९० नंतर तर अख्खी गोष्टच बनावट म्हणून बोंब उठली. हा सरळ अन्याय होता, कारण फोटो फक्त दाखवायला होते, पुरावा होता तो मोजणीचा. २००१ ते २००७ मध्ये केंब्रिजजवळ ४,८६४ पतंगांवर प्रयोग परत झाला, यावेळी रात्री त्यांना फांदीवर हवी ती जागा घेऊ दिली, आणि तिथल्या स्वच्छ हवेत काळेच जास्त खाल्ले गेले. २०१६ ला तर पतंगाला काळा करणारा, जनुकात घुसलेला डीएनएचा तुकडाच सापडला, साधारण १८१९ च्या आसपास घुसलेला.

आता बेडूक. २०१७ ते २०१९ मध्ये १२ तळ्यांवरचे दोनशेच्या वर नर तपासले (अभ्यास छापला २०२२ ला), अणुभट्टीभोवतीच्या बंदी असलेल्या पट्ट्यातले बाहेरच्यांपेक्षा सरासरी ४४ टक्के गडद निघाले. मजा म्हणजे आजच्या किरणोत्सर्गाशी रंगाचा मेळ बसत नाही, बसतो तो १९८६ च्या अपघातात जिथे सगळ्यात जास्त किरणोत्सर्ग पडला त्या भागांशी, म्हणजे गडद होते ते तेव्हा तगले आणि त्यांचीच पिलावळ वाढली असा अंदाज, पक्ष्यांचा इथे संबंध नाही, मेलॅनिन (त्वचेतलं गडद रंगद्रव्य) पेशींना किरणोत्सर्गापासून वाचवतं हे कारण.

घोळ होतो तो 'रंग बदलला' या शब्दांनी. झाडबेडूक एकटासुद्धा थोड्या वेळात हिरव्याचा तपकिरी होतो, पतंगाला पंख फुटले की रंग कायमचा (त्याची अळी मात्र ज्या काटकीवर वाढते तिचा रंग घेते!). पिढ्यांमधून कळपाचा रंग बदलणं वेगळं आणि एका जिवाने तो बदलणं वेगळं, आणि बातम्यांमध्ये दोन्ही एकाच वाक्यात येतात. पतंगाचा तो तुकडा हातात आहे, बेडकाच्या २०२२ च्या अभ्यासात मोजला होता तो फोटोतला पाठीचा रंग, त्यामागचं जनुक नाही.