शेपटीवरून ओळखलेलं प्रथिन

कोरोनानंतर सोलापुरात सात रस्त्यावरच्या रिक्षावाल्यालाही 'अँटिबॉडी' ठाऊक झाली. समज मात्र असा बसला, की ती फक्त अंगात असते आणि काढा प्यायला की वाढते. (काढा विकणारे ती मोजून दाखवत नाहीत, हे वेगळं.) पण प्रयोगशाळेसाठी अँटिबॉडी कुपीत विकतही मिळते आणि त्या कुपीतल्या अँटिबॉडीचं काम एखादं प्रथिन हुडकून काढणं एवढंच असतं.

जी प्रथिनांचंच घ्या. पेशीच्या आवरणाला आतून चिकटलेली ही प्रथिनं बाहेरचा निरोप आत पोचवतात. गिलमन आणि रॉडबेल यांना त्यांच्या शोधासाठी १९९४ चं नोबेल मिळालं. अल्फा, बीटा, गॅमा असे त्यांचे तीन घटक. अल्फावर जीटीपी नावाचा छोटा रेणू बसला की काम चालू, अल्फाने तो तोडला की बंद. पटकीचं विष 'जीएस' जातीच्या अल्फाला हे बंद होणंच जमू देत नाही. मग पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू साचतो आणि आतड्यात क्षार आणि पाणी पाझरत राहतं. पंढरपूरच्या वारीत एके काळी पटकीने माणसं दगावत, गावोगावी मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेत. पटकी हटली ती मात्र स्वच्छ पाण्याने.

आता हा अल्फा पेशीत आहे की नाही, हे कसं कळणार? पेशी फोडायच्या, प्रथिनं जेलमधून, म्हणजे जेलीसारख्या थरातून, विजेच्या जोरावर पळवायची. लहान पुढे जातात, मोठी मागे राहतात. ती पातळ पडद्यावर उतरवायची आणि पडद्याची मोकळी जागा दूध पावडरच्या पाण्याने झाकायची, म्हणजे अँटिबॉडी भलतीकडे चिकटत नाही. मग सशाची अँटिबॉडी, म्हणजे हवं ते प्रथिन टोचल्यावर सशाच्या रक्तात तयार झालेली. तिच्यावर, तिलाच पकडणारी, एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) जोडलेली बकरीची अँटिबॉडी. शेवटी रसायन ओतलं की पट्टी उजळते. जीएस अल्फाच्या बहुधा दोन पट्ट्या दिसतात, साधारण ४५ आणि ५२ किलोडाल्टनच्या (हे प्रथिनांच्या वजनाचं माप). दोन्ही खऱ्या, कारण एकाच जनुकातून दोन लांबीची प्रथिनं बनतात.

खरी गंमत सशापाशी आहे. त्याला बऱ्याचदा अख्खं प्रथिन टोचतच नाहीत. अल्फाच्या टोकाची दहाएक अमिनो आम्लं (प्रथिनाच्या साखळीतले मणी) प्रयोगशाळेत जोडून, मोठ्या वाहक प्रथिनाला चिकटवून टोचतात, कारण एवढ्याशा तुकड्याची सशाचं शरीर सहसा दखल घेत नाही. त्यामुळे तयार होणारी अँटिबॉडी फक्त शेपटी ओळखते. गाडीचे शेवटचे चार आकडे तेवढे पाहिले, तर एमएच १३ मधल्या कितीतरी गाड्या एकच वाटतील, तसं. 'जीआय' जातीचे अल्फा-१ आणि अल्फा-२ प्रत्येकी साधारण ३५५ अमिनो आम्लांचे. दोघांची शेवटची दहा अगदी सारखी. डोळ्यातल्या ट्रान्सड्युसिन या जी प्रथिनाच्या अल्फाची त्यांच्याहून फक्त एका अमिनो आम्लाने वेगळी. तिघांचं वजनही ४० किलोडाल्टनच्या आसपास, म्हणजे जेलवरही त्यांना वेगळं काढणं अवघड.

म्हणून कुपीवरच्या नावावर विसंबून चालत नाही. ज्या पेशींतून त्या प्रथिनाचं जनुकच काढून टाकलंय, त्या शेजारच्या रांगेत चालवायच्या. तिथेही पट्टी उजळली, तर अँटिबॉडीने दुसरंच काहीतरी पकडलंय.