गोल किती होतील? सामन्यांच्या निकालामागील संभाव्यता वितरणांची पार्श्वभूमी

फुटबॉलच्या एखाद्या सामन्यात यजमान संघाकडून सरासरी १.५ आणि पाहुण्या संघाकडून सरासरी १.१ गोलांची अपेक्षा आहे असे समजू. प्वासाँ वितरण, म्हणजे सरासरी दिली की एखादी घटना शून्य, एक, दोन अशी किती वेळा घडेल याची संभाव्यता सांगणारे सूत्र, वापरले तर यजमानांना एकही गोल न करता येण्याची संभाव्यता २२.३ टक्के येते, एका गोलाची ३३.५ आणि दोन गोलांची २५.१ टक्के, पाहुण्यांसाठी हेच आकडे ३३.३, ३६.६ आणि २०.१ असे येतात. दोन्ही संघांचे गोल एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे धरून या संभाव्यतांचे गुणाकार मांडले की १-१ या निकालाला १२.३ टक्के मिळतात, आणि असे सगळे गुणाकार तीन गटांत वाटून त्यांची बेरीज केली की यजमानांचा विजय ४६, बरोबरी २६ आणि पाहुण्यांचा विजय २८ टक्के असा हिशेब लागतो. बारावीच्या विद्यार्थ्यालाही जमेल इतके हे गणित सोपे आहे. तरीही ते फुटबॉलच्या सामन्याला नीट लागू व्हायला जवळजवळ दीडशे वर्षे गेली, कारण खरी अडचण सूत्राची नव्हतीच. ही सरासरी नेमकी कोणाची मानायची, हा प्रश्न सुटायला वेळ लागला.

सूत्र सिमेओं-देनी प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या १८३७ मधील ग्रंथातले आहे. (आपल्याकडे वर्गात या नावाचा उच्चार सर्रास ‘पॉयसन’ असा होतो आणि परीक्षेत त्यामुळे कोणाचे काही बिघडत नाही.) त्या ग्रंथाचा विषय न्यायालयीन निवाड्यांची संभाव्यता हा होता, आणि क्वचित घडणाऱ्या घटनांची मोजदाद करण्यासाठी हे वितरण किती उपयोगी आहे याकडे पुढे सहा दशके फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १८९८ मध्ये लाडिस्लाउस बोर्टकेविच यांनी प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने मेलेल्या सैनिकांची आकडेवारी मांडली. वेगळ्या रचनेची चार दले वगळून उरलेल्या दहा दलांची वीस वर्षांची नोंद, म्हणजे २०० ‘दल-वर्षे’, त्यांच्यासमोर होती आणि त्यांत एकूण १२२ मृत्यू होते. सरासरी ०.६१ धरली तर एकही मृत्यू नसलेली दल-वर्षे १०८.७ यायला हवीत, ती प्रत्यक्षात १०९ होती. एकच मृत्यू असलेली ६६.३ यायला हवीत, ती ६५ होती. दुर्मीळ घटनेचे नमुनेदार उदाहरण म्हणून हा तक्ता अजूनही पाठ्यपुस्तकांत छापला जातो. ती चार दले का वगळली याकडे मात्र वाचक सहसा दुर्लक्ष करतो. खेळांच्या बाबतीत पुढे सगळा गोंधळ नेमका त्याच जागी झाला.

खेळाच्या मैदानावर वितरण नेण्याचा एक पद्धतशीर प्रयत्न क्रिकेटमध्ये झाला. १९४५ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात विमागणिती विल्यम एल्डर्टन आणि जी. एच. वुड यांचे क्रिकेटच्या धावसंख्येवरील दोन लेख प्रसिद्ध झाले. वुड यांची कल्पना अशी की, फलंदाज खरोखरच सातत्यपूर्ण असेल तर त्याच्या प्रत्येक धावसंख्येवर बाद होण्याची शक्यता सारखीच असली पाहिजे, आणि तसे असेल तर त्याच्या खेळींची मांडणी भूमिती श्रेढीने उतरत जायला हवी. डॉन ब्रॅडमन यांच्या आकड्यांवर ही कल्पना ताडून पाहता येते. त्यांच्या ८० कसोटी डावांतल्या धावा ६,९९६, नाबाद डाव १० आणि सरासरी ९९.९४. भूमितीय वितरणाने या सरासरीच्या फलंदाजाकडून शंभर किंवा त्याहून अधिक धावांच्या खेळी ३७ टक्के अपेक्षित आहेत. नाबाद डावांचा बारकावा बाजूला ठेवला तर ८० डावांत ही संख्या साधारण ३० येते. ब्रॅडमन यांची शतके २९ आहेत. इथवर सगळे जमते. पण याच हिशेबाने शून्यावर बाद होण्याचा प्रसंग ८० डावांत एकदाही जेमतेम यायला हवा, आणि ब्रॅडमन तर सात वेळा शून्यावर बाद झाले होते. नजर बसण्यापूर्वीची पहिली काही षटके हा फलंदाजाचा निराळाच काळ असतो, हे कट्ट्यावरच्या कोणालाही ठाऊक असलेले सत्य वितरणाने असे आकड्यात दाखवले. क्रिकेटच्या सामन्याच्या निकालापर्यंत मात्र ही वाट सरळ पोहोचत नाही, कारण तिथे धावांबरोबर शिल्लक षटके आणि शिल्लक गडी यांचाही हिशेब चालतो. १ जानेवारी १९९७ रोजी हरारे येथे प्रथम वापरलेली डकवर्थ-लुईस पद्धत याच दोन गोष्टींवर उभी आहे.

फुटबॉलमध्ये गोल कमी होतात आणि एकेक करून मोजता येतात, म्हणून प्वासाँला ते घरचे मैदान वाटावे. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ एम. जे. मोरोनी यांनी १९५१ मध्ये सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात गोलांची आकडेवारी या वितरणाशी ताडून पाहिली, तेव्हा जुळणी बरी आली, पण पुरेशी चांगली नाही. ऋण द्विपद वितरण, म्हणजे त्याच सरासरीला प्वासाँपेक्षा अधिक विखुरलेले आकडे देणारे वितरण, घेतले तर ती सुधारत होती. पुढे चार्ल्स रीप आणि बर्नार्ड बेंजामिन यांनी १९६८ मध्ये, आणि रिचर्ड पोलार्ड यांच्यासह १९७१ मध्ये, याच वितरणाचा धागा पुढे नेला. रीप हे हवाई दलातून निवृत्त झालेले विंग कमांडर होते. मार्च १९५० मध्ये स्विंडन येथे सामना पाहत असताना त्यांनी वहीत प्रत्येक चढाईची नोंद करायला सुरुवात केली आणि पुढे दशकानुदशके ती चालू ठेवली. सलग पासांच्या मालिकांची मोजदाद करून ते आणि बेंजामिन अशा निष्कर्षाला आले की खेळावर नशिबाचे वर्चस्व आहे.

माझ्या मते या सबंध इतिहासातली सर्वांत शिकण्यासारखी चूक इथे आहे. ऋण द्विपद वितरण कुठून येते हे १९२० मध्येच मेजर ग्रीनवुड आणि उडनी यूल यांनी दारूगोळा कारखान्यांतील कामगार स्त्रियांच्या अपघातांच्या अभ्यासात दाखवले होते. प्रत्येकीचे अपघात प्वासाँच्याच नियमाने घडत असतील, पण अपघाताची प्रवणता प्रत्येकीची वेगळी असेल, तर सगळ्यांची गोळाबेरीज ऋण द्विपद वितरणासारखी दिसू शकते. फुटबॉलला हे लावले तर अर्थ असा होतो की सशक्त आणि दुबळ्या संघांचे सामने एकाच ढिगात टाकले की प्वासाँ बिघडल्यासारखे वाटते. त्या ढिगावर ऋण द्विपद वितरण चांगले बसते, यावरून खेळ नशिबाचा आहे असे मुळीच ठरत नाही. उलट संघांमध्ये कौशल्याचा फरक असल्याचीच ती खूण असू शकते. बोर्टकेविच यांनी वेगळ्या रचनेची दले बाजूला ठेवली, ती याच जातीच्या अडचणीमुळे. आय. डी. हिल यांनी १९७४ मध्ये वेगळ्या बाजूने हा मुद्दा मांडला. हंगाम सुरू होण्यापूर्वी जाणकारांनी वर्तवलेला संघांचा क्रम आणि हंगामाअखेरचा गुणतक्ता यांच्यात स्पष्ट सहसंबंध आहे हे त्यांनी दाखवले. सारे काही नशीबच असते तर तसा तो दिसला नसता.

ढिगाऐवजी एकेका सामन्याला वितरण देण्याचे काम मायकेल माहर यांनी १९८२ मध्ये केले. प्रत्येक संघाला आक्रमणाचा एक आणि बचावाचा एक असे दोन आकडे द्यायचे, एका संघाच्या आक्रमणाला दुसऱ्याच्या बचावाने गुणायचे, घरच्या मैदानाचा फायदा त्यात धरायचा, आणि येणाऱ्या सरासरीवर प्वासाँ वितरण मांडायचे. सुरुवातीला घेतलेले १.५ आणि १.१ हे आकडे प्रत्यक्षात अशाच गुणाकारांतून येतात. मोरोनी यांना नको तेवढे विस्कळीत वाटलेले गोल आता बऱ्यापैकी नीट बसले. फक्त एक तक्रार उरली. दोन्ही संघांचे गोल स्वतंत्र धरल्यामुळे काही निकाल थोडे चुकत होते, आणि दोघांमध्ये ०.२ च्या आसपास सहसंबंध मानला तर जुळणी सुधारते असे माहर यांनीच नोंदवले.

चूक मुख्यतः बरोबरीच्या निकालांत होती, आणि ब्रिटनमध्ये तिच्याकडे डोळेझाक करण्यासारखी परिस्थिती नव्हती. १९२३ मध्ये लिव्हरपूलला सुरू झालेल्या लिटलवुड्ससारख्या ‘पूल्स’ (फुटबॉलच्या निकालांवर पैजा घेणाऱ्या) कंपन्यांच्या लोकप्रिय स्पर्धांत ग्राहकाला बरोबरीत सुटणारे सामने ओळखावे लागत. १९६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात मैदाने गोठून सामने रद्द होऊ लागले, तेव्हा न झालेल्या सामन्यांचे निकाल ठरवण्यासाठी माजी खेळाडू आणि पंच यांची एक समिती बसवण्यात आली होती.

लँकेस्टर विद्यापीठातील मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स यांनी १९९७ मध्ये या चुकीला अगदी नेमकी ठिगळे लावली. त्यांनी ०-०, १-०, ०-१ आणि १-१ एवढ्या चारच निकालांच्या संभाव्यता एका आकड्याने वरखाली केल्या, बाकीच्या तशाच ठेवल्या. वरच्या उदाहरणात हा आकडा उणे ०.१ घेतला तर ०-० ची संभाव्यता ७.४ वरून ८.७ टक्के होते, १-१ ची १२.३ वरून १३.५, तर १-० ची ११.१ वरून ९.९ वर उतरते. आणि गंमत म्हणजे एकेका संघाने किती गोल केले याचे मूळ वितरण जराही हलत नाही. दुसरी दुरुस्ती काळाची होती. जुन्या सामन्यांचे वजन घातांकी दराने कमी करत न्यायचे, आणि त्यांनी निवडलेल्या दराने ते साधारण वर्षभरात निम्मे होते. या प्रारूपाचे आकडे बुकींच्या भावांशी ताडून, जिथे तफावत पुरेशी मोठी आहे तिथेच पैसे लावले तर फायदा होऊ शकतो, असेही त्यांनी दाखवले. हे लेखन सट्ट्याच्या धंद्यातल्या लोकांनी किती मन लावून वाचले असेल, हे सांगायला नकोच.

इतर खेळांत ही वाट वेगळी आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये गुण मोठे आणि एकदम मिळणारे असतात, त्यामुळे हॅल स्टर्न यांनी १९९१ मध्ये एकेका संघाच्या गुणांऐवजी गुणांचा फरक घेतला आणि सट्टाबाजाराने वर्तवलेल्या फरकापासूनचे त्याचे अंतर सुमारे १४ गुणांच्या प्रमाण विचलनाच्या (म्हणजे विखुरणीच्या मापाच्या) प्रसामान्य, घंटेच्या आकाराच्या वितरणाने मांडले.

फुटबॉलमध्ये राहिलेली गोष्ट होती सामन्याच्या आतल्या वेळेची. प्वासाँ वितरणात गोलाचा वेग सामनाभर सारखा धरलेला असतो. डिक्सन यांनी मायकेल रॉबिन्सन यांच्यासह १९९८ मध्ये तो धरणे सोडले, आणि मिनिटागणिक तसेच चालू निकालानुसार वेग बदलणारे प्रारूप मांडले. ८ जुलै २०१४ रोजी बेलो होरिझोंटे येथे झालेल्या विश्वचषक उपांत्य सामन्यात जर्मनीने ब्राझीलविरुद्ध सात गोल केले. सरासरी १.५ धरली तर सात किंवा अधिक गोलांची संभाव्यता हजारात एकाहूनही किंचित कमी येते. पण त्यांपैकी चार गोल २३ ते २९ या मिनिटांमध्ये झाले, पहिला गोल आधीच झालेला असताना आणि यजमानांची बचावफळी विस्कटत असताना. सामना सुरू होण्यापूर्वीची सरासरी त्या सहा मिनिटांना लागू होत नव्हती.